हिरवं बटण आणि जुनाच पडदा: मॅट्रिक्स स्विचरच्या सिरीयल कमांडचं एक प्रकरण

हे प्रकरण एका प्रशिक्षण केंद्रातल्या व्हिडिओ यंत्रणेचं आहे. रॅकमध्ये आठ इनपुट, आठ आउटपुटचा एचडीएमआय मॅट्रिक्स स्विचर (कुठलाही सोर्स, म्हणजे चित्र देणारं उपकरण, कुठल्याही पडद्याला जोडणारं यंत्र), वेगवेगळ्या खोल्यांत आठ पडदे आणि ऑपरेटरच्या टेबलावर एक टच पॅनल. पॅनलवर ‘सकाळचं सत्र’ हे बटण दाबलं की मागचा छोटा संगणक सिरीयल पोर्टवरून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवरून, स्विचरला एकापाठोपाठ आठ कमांड पाठवायचा. कुठल्या पडद्यावर कुठला सोर्स, एवढंच त्यांत असायचं.

बहुतेक दिवशी सगळं जागच्या जागी यायचं. काही सकाळी मात्र सातव्या किंवा आठव्या पडद्यावर आदल्या दिवशीचाच सोर्स राहायचा. ऑपरेटरची तक्रार साधी आणि नेमकी होती: “सर, बटण हिरवं होतं, पण सात नंबरवर कालचंच चालू असतं. परत दाबलं तर कधी येतं, कधी नाही.”

या वाक्यातलं ‘हिरवं होतं’ हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पडदा न बदलणं हा एक बिघाड झाला. पडदा बदललेला नसताना पॅनलने बदलला असं सांगणं हा त्याहून गंभीर बिघाड, कारण मग ऑपरेटरला कशावर विश्वास ठेवावा हेच कळत नाही. आम्ही हातात घेण्याआधी या यंत्रणेवर बरेच उपचार झाले होते. केबल बदलली होती, स्विचरचं फर्मवेअर नवं टाकलं होतं आणि प्रोग्रॅममध्ये दोन कमांडच्या मध्ये आधी २०० आणि मग ५०० मिलिसेकंदांचा थांबा घातला होता. थांबा वाढवल्यावर तक्रारी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. अशा वेळी थांबा आणखी वाढवायचा मोह होतो. आम्ही आधी तारेवर नेमकं काय चाललंय ते बघायचं ठरवलं.

केबलची तपासणी लवकर उरकली. तिची पद्धत मात्र सांगून ठेवतो, कारण सिरीयलच्या कामात निम्मा वेळ इथेच जातो. आरएस-२३२ हे सिरीयल जोडणीचं १९६० साली आलेलं मानक. त्यात काही पाठवलं जात नसलेल्या लाइनवर उणे व्होल्टेज असतं, उणे ३ ते उणे १५ च्या दरम्यान. नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये ५ नंबरची पिन ग्राउंड, आणि २ व ३ या पाठवायच्या आणि घ्यायच्या. कुठल्या बाजूला कुठली पाठवायची याचा गोंधळ कायमचाच. मीटरचा काळा प्रोब ५ वर ठेवायचा आणि लाल प्रोब आधी २ ला, मग ३ ला लावायचा. जिथे ठाम उणे व्होल्टेज दिसेल ती त्या उपकरणाची पाठवायची पिन. दोन्ही उपकरणं अशी स्वतंत्रपणे मोजली की सरळ केबल हवी की क्रॉस, हा वाद मिटतो. इथे केबल बरोबर होती. सेटिंगही बरोबर होतं: ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखण्याचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट.

डेटा बिट आठच आहेत ना, हे मुद्दाम दोनदा पाहिलं, कारण या स्विचरचा प्रोटोकॉल आठव्या बिटावर उभा आहे. काही उपकरणं वाचता येतील अशा अक्षरांत बोलतात. एक्स्ट्रॉनच्या स्विचरला ‘१*२!’ एवढं पाठवलं की पहिला इनपुट दुसऱ्या आउटपुटला जोडला जातो. आमचा स्विचर मात्र बाइटच्या भाषेत बोलणारा होता. प्रत्येक कमांड बरोबर चार बाइटची. पहिला बाइट काय करायचं ते सांगतो, दुसरा इनपुट, तिसरा आउटपुट आणि चौथा यंत्राचा क्रमांक. पहिल्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट नेहमी ०, बाकी तिघांचा नेहमी १. म्हणून हेक्समध्ये (सोळावर आधारित आकडेपद्धतीत, जिथे ८२ मधला ८ म्हणजे वरचा बिट १) ‘०१ ८२ ८७ ८१’ याचा अर्थ असा: इनपुट २ ला आउटपुट ७ शी जोड, यंत्र क्रमांक १. काम झालं की स्विचर तेच चार बाइट परत पाठवतो, फक्त पहिल्यात एक बिट चढवून: ‘४१ ८२ ८७ ८१’. ओळ संपल्याची खूण, चेकसम (बाइट बरोबर पोचले का ते तपासायचा आकडा) असलं काही नाही. पोर्ट चुकून ७ बिटांवर ठेवला तर ८१ चा ०१ होतो आणि नवी कमांड कुठे सुरू होते हे कुणालाच समजत नाही.

या रचनेची एक खुबी पुढे फार उपयोगी पडली. बाइट्सच्या प्रवाहात कुठेही कान लावला तरी वरचा बिट ० असलेला बाइट दिसला की तिथून नवा संदेश सुरू होतो हे नक्की. मधला एखादा बाइट हरवला तरी पुढच्या संदेशाला पुन्हा ताळ्यावर येता येतं. अट एकच: वाचणाऱ्या प्रोग्रॅमने या खुणेकडे बघायला हवं. जुना प्रोग्रॅम तिच्याकडे बघत नव्हता.

तारेवर काय चाललंय ते बघायला आम्ही लॅपटॉपला दोन सिरीयल पोर्ट जोडले. एकाची घ्यायची पिन संगणकाच्या पाठवणाऱ्या लाइनवर, दुसऱ्याची स्विचरच्या पाठवणाऱ्या लाइनवर, आणि तिन्ही ग्राउंड एकत्र. पाठवायच्या पिना मोकळ्या ठेवल्या, म्हणजे मध्येच आपण काही बोलून जायला नको. अशा तऱ्हेने दोन्ही बाजूंचं संभाषण वेळेच्या नोंदीसह मिळतं. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या लॉगवर अशा प्रकरणात विसंबू नये. तो आपण काय पाठवलं असं त्याला वाटतं तेवढंच लिहितो.

ज्या सकाळी सातवा आणि आठवा पडदा अडकले, त्या सकाळच्या नोंदीचा शेवट असा होता:

गेलं: ०१ ८२ ८६ ८१
आलं: ४१ ८२ ८६ ८१
गेलं: ०१ ८२ ८७ ८१
आलं: ५० ८० ८३ ८१
गेलं: ०१ ८४ ८८ ८१
आलं: ५० ८० ८३ ८१

सहाव्या पडद्याचं उत्तर बरोबर आहे. सातव्याला आणि आठव्याला मात्र ४१ च्या जागी ५० आलं. मॅन्युअलच्या कमांडच्या तक्त्यात ५० म्हणजे ‘चूक किंवा व्यस्त’, आणि नेमकं कारण तिसऱ्या बाइटमध्ये असतं. ८१ म्हणजे कमांड ओळखता आली नाही, ८२ म्हणजे आकडा मर्यादेबाहेरचा, ८३ म्हणजे यंत्र सध्या दुसऱ्या कामात आहे. म्हणजे कमांड कुठेही हरवली नव्हती. स्विचरने ती घेतली, वाचली, आत्ता जमणार नाही असं स्वच्छ कळवलं, आणि ते उत्तर संगणकापर्यंत पोचलंही होतं.

मग बटण हिरवं कसं झालं? जुन्या प्रोग्रॅममध्ये कमांड पाठवायची, चार बाइट येईपर्यंत थांबायचं आणि चार बाइट आले की यश मानायचं, एवढंच होतं. आलेल्या बाइटमध्ये काय आहे ते कुठेही तपासलेलं नव्हतं. नकारही चारच बाइटचा असतो, त्यामुळे नकाराचीही नोंद होकार म्हणूनच झाली.

यंत्र व्यस्त का होतं, आणि तेही सकाळीच का? तर रोज सकाळी पडद्यांची वीज एकदम सुरू केली जायची आणि लगेच ऑपरेटर सत्राचं बटण दाबायचा. एचडीएमआय पडदा जागा झाला की हॉट-प्लगची, म्हणजे पडदा जोडलेला असल्याचं सांगणारी, लाइन वर जाते. मग स्विचर त्या पडद्याचा ईडीआयडी वाचतो, म्हणजे हा पडदा कुठली रिझोल्यूशन दाखवू शकतो याची माहिती. ती १२८ बाइटच्या ब्लॉकमध्ये असते आणि १०० किलोहर्ट्झच्या संथ लाइनवरून येते. दोन ब्लॉक म्हटले तरी नुसत्या वहनातच पंचवीसेक मिलिसेकंद जातात, शिवाय आधीची जुळवाजुळव आणि नंतरचा एचडीसीपीचा (कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाचा) हस्तांदोलनाचा भाग वेगळा. एकदम आठ पडदे जागे झाले की या स्विचरचा प्रोसेसर त्यातच गुंतायचा. आमच्या नोंदीत ही व्यस्तता कधी क्षणभर, तर कधी अर्ध्या सेकंदाहूनही जास्त टिकलेली दिसली. म्हणूनच ५०० मिलिसेकंदांच्या थांब्याने तक्रारी कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. आणि सगळ्यांत उशिरा जागे होणारे पडदे यादीच्या शेवटी होते, त्यामुळे अडकायचे तेच दोघं.

थांबा वाढवल्याचा एक उलटा परिणामही झाला होता. आठ कमांड, प्रत्येकीनंतर अर्धा सेकंद, म्हणजे सत्र बदलायला चार सेकंद. तारेच्या दृष्टीने हा वेळ प्रचंड आहे. ९६०० बॉडला एका बाइटचे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट होतात, म्हणजे चार बाइटची कमांड सव्वाचार मिलिसेकंदांत जाते आणि आठही कमांड ३३ मिलिसेकंदांत. उरलेला सगळा वेळ प्रोग्रॅम नुसता वाट बघत होता. इकडे पडदे काळे दिसले की ऑपरेटर साहजिकच बटण पुन्हा दाबायचा आणि रांगेत आणखी आठ कमांड येऊन पडायच्या.

इथवर उत्तर तपासणं हाच उपाय दिसत होता: ४१ आलं तर ठीक, ५० आलं तर पुन्हा पाठव. पण नोंदी आणखी काही दिवस चालू ठेवल्या म्हणून दुसरी गोष्ट सापडली. नुसत्या तपासणीने ती बिघडलीच असती.

स्विचरच्या पुढच्या पॅनलवरून कुणी हाताने सोर्स बदलला तर स्विचर तीही बातमी सिरीयलवर पाठवतो, कुणी विचारलेलं नसताना. तिसऱ्या पडद्यावर कुणीतरी हाताने इनपुट १ लावला की ‘४१ ८१ ८३ ८१’ असे चार बाइट येऊन संगणकाच्या बफरमध्ये (आलेले बाइट वाचले जाईपर्यंत ठेवायच्या जागेत) बसतात. पुढच्या वेळी प्रोग्रॅम पाचव्या पडद्याची कमांड पाठवतो आणि चार बाइट वाचतो, तर त्याच्या हातात तिसऱ्या पडद्याची जुनी बातमी पडते. पाचव्याचं खरं उत्तर बफरमध्ये मागे राहतं आणि सहाव्याचं उत्तर म्हणून वाचलं जातं. तिथून पुढे प्रत्येक उत्तर एका घराने मागे सरकलेलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत. अशा प्रवाहावर नुसती तुलना बसवली असती तर सातव्याचा नकार आठव्याच्या नावावर गेला असता आणि चांगल्या कमांड विनाकारण पुन्हा पुन्हा गेल्या असत्या.

स्थिती विचारणाऱ्या कमांडला हा घोळ आणखीच महागात पडतो. ‘०५ ८० ८७ ८१’ म्हणजे सातव्या आउटपुटवर सध्या काय आहे. त्याचं उत्तर ‘४५ ८० ८२ ८१’, म्हणजे इनपुट २. या उत्तरात तिसरा बाइट विचारलेल्या आउटपुटचा उरलेला नाही. त्या जागी आता इनपुटचा क्रमांक आहे. कुठल्या आउटपुटबद्दल विचारलं होतं हे उत्तरात कुठेच नाही, ते विचारणाऱ्यानेच लक्षात ठेवायचं. उत्तरं एका घराने सरकली तर कुठल्या आउटपुटवर काय आहे याचा तक्ता पूर्ण भरलेला दिसतो, आणि तो सगळाच्या सगळा चुकीचा असतो.

नवा प्रोग्रॅम लिहिताना वाचणं आणि पाठवणं पूर्ण वेगळं केलं. वाचणारा भाग फक्त वाचतो, सतत. वरचा बिट ० असलेला बाइट आला की नवा संदेश सुरू, मग वरचा बिट १ असलेले तीन बाइट. मध्येच पुन्हा ० वाला आला तर हातातला अर्धवट संदेश टाकून देऊन तिथून नव्याने सुरुवात. चार पूर्ण झाले की पहिल्या बाइटवरून वर्गवारी. ४१ आलं तर ते आपल्या कमांडचं आहे की पुढच्या पॅनलवरचं, हा प्रश्नच नाही. अमुक आउटपुटवर आता अमुक इनपुट आहे ही बातमी खरीच असते, ती सरळ तक्त्यात लिहायची. ती पाठवलेल्या कमांडशी इनपुट-आउटपुटसकट जुळली, तर त्या कमांडचं काम झालं असंही समजायचं. न मागता आलेली बातमीही अशी उपयोगीच पडते.

पाठवणारा भाग एका वेळी एकच कमांड बाहेर ठेवतो. उत्तर येईपर्यंत पुढची जात नाही. नुसता ठरावीक थांबा कुठेच नाही. स्विचर मोकळा असेल तर आठही कमांड डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतात. व्यस्त असेल तर ५० च्या उत्तरानंतर २०० मिलिसेकंद थांबून तीच कमांड पुन्हा, मग ४००, मग ८००. मर्यादेबाहेरचा आकडा असं उत्तर आलं तर पुन्हा पाठवायचं नाही, कारण शंभर वेळा पाठवूनही ते बदलणार नाही. त्याची लाल नोंद करून पुढे जायचं. उत्तरच आलं नाही, तर एक सेकंद वाट बघून आधी त्या आउटपुटची स्थिती विचारायची. कमांड झाली आणि फक्त उत्तर हरवलं असं असू शकतं.

तीच कमांड पुन्हा पाठवणं इथे निर्धोक आहे, कारण ‘इनपुट २ ला आउटपुट ७ शी जोड’ हे दहा वेळा सांगितलं तरी परिणाम एकच. सगळ्या कमांड अशा नसतात. ‘पुढचा सोर्स’ किंवा पडद्याचं ‘चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू’ अशा कमांड पुन्हा पाठवल्या तर उलटं होऊन बसतं. या यंत्रणेत पडद्यांसाठी उलटापालट करणारी पॉवर कमांड वापरलेली होती. ती काढून स्वतंत्र ‘चालू’ आणि स्वतंत्र ‘बंद’ घातली. उपकरण निवडतानाच सिरीयल कमांडच्या यादीत या दोन वेगळ्या आहेत का हे बघावं असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त फरक पडला तो मात्र दोन रकान्यांच्या एका तक्त्याने. आठ ओळी, आठ आउटपुट. पहिल्या रकान्यात काय हवं आहे, दुसऱ्यात स्विचरने काय आहे असं सांगितलं. टच पॅनलचं बटण दाबल्यावर फक्त पहिला रकाना बदलतो. दोन रकान्यांत जिथे फरक असेल तेवढ्याच कमांड जातात. ऑपरेटरने घाईने तीन वेळा दाबलं तरी रांग वाढत नाही, कारण मुळात रांगच नाही. मधल्या वेळात विचार बदलून दुसरं सत्र निवडलं तर जुन्या सत्राच्या न गेलेल्या कमांड आपोआप गळतात. आणि पॅनलवरचा हिरवा रंग आता दुसऱ्या रकान्यावरून येतो. कमांड गेली पण उत्तर नाही, तोवर बटण पिवळं. काही कमांड नसेल तेव्हा दर ३० सेकंदांनी आठही आउटपुटची स्थिती एकेक करून विचारली जाते. ही फेरी प्रश्न-उत्तर धरून ६४ बाइटची, तारेवर सत्तर मिलिसेकंदांचीसुद्धा नाही.

एक अपवाद ठेवावा लागला. पुढच्या पॅनलवरून कुणी मुद्दाम सोर्स बदलला तर दोन रकान्यांत फरक पडतो आणि प्रोग्रॅम तो लगेच परत फिरवू बघतो. हाताने बदल करणारा माणूस आणि प्रोग्रॅम यांची रस्सीखेच व्हायला नको, म्हणून न विचारता आलेली, म्हणजे पाठवलेल्या कमांडशी न जुळणारी, ४१ ची बातमी पहिल्या रकान्यातही लिहिली जाते. म्हणजे शेवटचा हात ज्याचा, त्याचं चालतं. काही ठिकाणी उलट नियम लागेल, जिथे पुढच्या पॅनलला कुणी हात लावणं अपेक्षितच नसतं. हा निर्णय यंत्रणा वापरणाऱ्यांना विचारून घ्यायचा असतो, प्रोग्रॅमरने परस्पर ठरवायचा नसतो.

दोन पर्यायांवर बरीच चर्चा झाली. पहिला, स्विचरच्या आत सेटअप साठवायचा आणि एकाच कमांडने तो परत बोलवायचा. आठ कमांडच्या जागी एक, आणि स्विचरही आठही आउटपुट एकत्र बदलतो. जिथे सगळे पडदे एका क्षणी बदलायला हवेत तिथे हाच मार्ग चांगला. पण मग कुठल्या सत्रात काय आहे हे स्विचरच्या पोटात राहतं. पुढच्या पॅनलवरून कुणी त्याच क्रमांकावर दुसरंच साठवलं तर कुणाला पत्ता लागत नाही, आणि स्विचर बदलायची वेळ आली तर सगळं नव्याने भरावं लागतं. इथे सत्रं दर महिन्याला बदलायची, म्हणून ती संगणकातल्या फाइलमध्येच ठेवली.

दुसरा पर्याय, सिरीयल सोडून नेटवर्कवरून बोलायचं. स्विचरला लॅन पोर्ट होता. पण टीसीपी, म्हणजे नेटवर्कवर बाइट पोचवण्याची पद्धत, फार तर बाइट क्रमाने आणि न हरवता पोचवेल. इथे बाइट कधी हरवलेच नव्हते. व्यस्ततेचा नकार नेटवर्कवरूनही तसाच आला असता आणि जुन्या प्रोग्रॅमने तो तसाच हिरवा दाखवला असता. खोल्या दूर असतील, आरएस-२३२ ची साधारण १५ मीटरची मर्यादा आड येत असेल, तर नेटवर्क घ्यावं. या बिघाडावरचं औषध ते नव्हतं.

चाचणी मुद्दाम वाईट परिस्थितीत केली. सत्राचं बटण दाबायचं आणि त्याच वेळी पडद्यांच्या एचडीएमआय केबल काढून पुन्हा लावायच्या. एक माणूस पुढच्या पॅनलवर बटणं दाबत राहणार. मधूनच सिरीयल केबल उपटायची आणि लावायची, जेणेकरून संदेश अर्ध्यात तुटेल. प्रत्येक वेळी शेवटी दोन्ही रकाने आणि प्रत्यक्ष पडदे जुळतात का ते फिरून डोळ्यांनी पाहिलं. सिरीयल केबल काढलेली असताना बटणं पिवळी राहिली आणि केबल लावल्यावर पुढच्या फेरीत हिरवी झाली. ऑपरेटरने हे पाहिलं तेव्हाच नव्या प्रोग्रॅमवर त्यांचा विश्वास बसला, असं माझं निरीक्षण आहे.

नोंदींत व्यस्ततेचे नकार आजही रोज सकाळी येतात. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रयत्नात काम होतं, क्वचित तिसऱ्या. सत्र बदलायचा वेळ चार सेकंदांवरून, स्विचर मोकळा असेल तर, सेकंदाच्या आत आला.

एक गोष्ट अजून बाकी आहे. ४१ चं उत्तर एवढंच सांगतं की स्विचरने आतली जोडणी बदलली. पडद्यावर चित्र उमटलं की नाही हे ते सांगत नाही. एचडीसीपीची ओळख पटली नाही तर जोडणी बरोबर असून पडदा काळाच राहतो, आणि बटण हिरवंच दिसतं. ते कळायला पडद्यालाच विचारावं लागतं. आठपैकी दोन पडद्यांना स्वतःचा सिरीयल पोर्ट आहे आणि सिग्नल येतोय का ते त्यावरून विचारता येतं. त्या दोघांसाठी तक्त्यात तिसरा रकाना घालायचं काम सुरू आहे. उरलेल्या सहांची खात्री ऑपरेटरने स्वतः बघून करायची आहे, आणि पॅनलवर त्यांच्या नावाखाली तसं लिहिलंही आहे: ‘जोडणी झाली, चित्र तपासा’.